मूर्च्छा आणि हृदयाची बाह्य नोंदयंत्रे

अचानक शुद्ध हरपून कोसळलेल्या आणि थोड्याच वेळात आपोआप भानावर आलेल्या रुग्णाच्या हृदयाची लय, शरीरावर कुठेही छेद न घेता, दिवसेंदिवस टिपत राहणारी उपकरणे. होल्टर, छातीवर चिकटवायची पट्टी, बाह्य लूप रेकॉर्डर आणि मोबाइल टेलिमेट्री हे त्यांचे मुख्य प्रकार.

मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद थांबला तरी माणूस बेशुद्ध पडतो. बहुतेक वेळा कारण जिवाला धोका नसलेले असते. फार वेळ उभे राहिल्याने, रक्त पाहून किंवा वेदनेने नाडी मंदावते आणि रक्तदाब घसरतो. काहींचा रक्तदाब अंथरुणातून उठताच उतरतो. पण काही रुग्णांमध्ये दोष हृदयाच्या विद्युत यंत्रणेत असतो. अलिंदाकडून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) निलयाकडे (खालच्या कप्प्याकडे) जाणारा संदेश अडतो (हार्ट ब्लॉक), नाडीचा मूळ ठोका देणारी सायनस गाठ काही सेकंद गप्प राहते, किंवा निलय इतक्या वेगाने धडधडते की रक्त पुढे ढकललेच जात नाही. अशा वेळी हातपायांना झटकेही येऊ शकतात. मग घरचे लोक ‘फिट आली’ म्हणतात, कांदा हुंगवतात, आणि हृदयाचा विचार मागे पडतो.

निदानातली खरी अडचण वेळेची आहे. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत हृदय पूर्ववत चालू झालेले असते, आणि नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो. तरीही पहिली तपासणी तीच. जुना हृदयविकार, संदेशवहनातला अडथळा किंवा लाँग क्यूटीसारखा (प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युत यंत्रणा पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागणारा) जन्मजात दोष त्यात दिसू शकतो. ईसीजी, झोपून व उभे राहून मोजलेला रक्तदाब आणि नीट विचारलेली हकिकत एवढ्यावरच अनेकांचे निदान होते. कोसळताना जवळ कोण होते, चेहरा पांढरा पडला का, भान किती वेळात आले, हे विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. हा भाग घाईत उरकू नये.

हृदयाची नोंद चालत्याफिरत्या माणसाकडून घेण्याची कल्पना अमेरिकेतील माँटाना राज्याच्या हेलेना या गावच्या नॉर्मन होल्टर या जीवभौतिकशास्त्रज्ञाची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बनवलेले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. ट्रान्झिस्टर आल्यावर ते झपाट्याने लहान झाले. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. आजचा होल्टर तळहातात मावतो. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडांच्या वायरी त्याला जोडतात आणि तो २४ ते ४८ तास प्रत्येक ठोका नोंदवतो. एका दिवसात हे ठोके साधारण लाखभर भरतात. या काळात रुग्णाने विश्रांती घेत बसू नये. जिने, बाजार, शेतातले काम, सगळे नेहमीसारखे करावे आणि चक्कर, धडधड, अंधारी यांची वेळ वहीत लिहावी. वहीतली वेळ आणि नोंदीतली लय जुळली, तरच पुराव्याला वजन येते.

आपल्याकडे भोवळ आली की होल्टर लावण्याची पद्धत रुळली आहे, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कोसळणाऱ्या माणसाला तो एका दिवसासाठी लावून बहुधा काही हाती लागत नाही. सरसकट सर्व मूर्च्छारुग्णांत अशा नोंदीतून निदान होण्याचे प्रमाण जेमतेम १ ते २ टक्के असू शकते, असे युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आठवड्यातून किमान एकदा त्रास होत असेल तर होल्टरचा विचार करावा, असे त्यांचे मत आहे. याहून घातक गैरसमज ‘होल्टर नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठीक’ हा. त्या दिवशी रुग्ण कोसळला नसेल, तर मूर्च्छेच्या कारणाबद्दल नॉर्मल नोंद जवळजवळ काहीच सांगत नाही.

मूर्च्छा चार आठवड्यांच्या आत पुन्हा येईल असे वाटत असेल तर बाह्य लूप रेकॉर्डर उपयोगी पडतो. त्याची स्मृती सतत जुने पुसत नवे लिहीत असते. भानावर आल्यावर रुग्णाने किंवा शेजारच्याने बटण दाबले की आधीची काही मिनिटेही जपली जातात. त्रास सुरू झाल्यावर छातीला टेकवायचे साधे यंत्र धडधडीसाठी चालते, पण क्षणात शुद्ध हरपणाऱ्याला ते टेकवायला अवधीच मिळत नाही. चिकटपट्टीत वायरी नसतात आणि ती १४ दिवसांपर्यंत राहू शकते. मात्र घामाने ती सुटते, खाजही येते, म्हणून दमट हवेत हा प्रश्न आधीच बोलून घ्यावा. मोबाइल टेलिमेट्री सुमारे महिनाभर नोंद घेते आणि धोकादायक लय दिसताच ती नेटवर्कवरून तपासणी केंद्राकडे पाठवते. मनगटी घड्याळाच्या ईसीजीसाठी दुसऱ्या हाताचे बोट अर्धा मिनिट टेकवावे लागते. बेशुद्ध माणूस ते करू शकत नाही, त्यामुळे घड्याळावर विसंबू नये.

कोसळतानाच ठोके थांबल्याचे किंवा बेफाम झाल्याचे दिसले तर निदान पक्के. त्या क्षणी लय सुरळीत असेल तर लयदोषाचे कारण बाद होते. तीही मोठीच माहिती, पण रक्तदाब कोसळला होता का हे ती सांगत नाही. मूर्च्छा न येताही पूर्ण हार्ट ब्लॉक, किंवा जागेपणी दोन ठोक्यांमध्ये तीन सेकंदांहून लांब विराम आढळला, तर त्याची गंभीर दखल घ्यावी लागते. झोपेतला विराम किंवा कसलेल्या तरुण खेळाडूची मंद नाडी मात्र निरुपद्रवी असू शकते.

व्यायाम करताना किंवा आडवे असताना आलेली मूर्च्छा, आधीचा हृदयविकार, कुटुंबात तरुणपणी झालेला आकस्मिक मृत्यू यांपैकी काही असेल, तर यंत्र लावून घरी पाठवणे पुरेसे नाही. अशा रुग्णाला दाखल करून मॉनिटरवर ठेवावे. वर्षा-दोन वर्षांतून एकदाच कोसळणाऱ्यासाठी बाह्य यंत्रे अपुरी पडतात. तिथे छातीच्या कातडीखाली लहानसा छेद घेऊन बसवलेला, सुमारे तीन वर्षे चालणारा लूप रेकॉर्डर वापरतात.