सही केली म्हणजे अडकलात? नाही

औषधाच्या चाचणीसाठी संमतीपत्रावर अंगठा उमटवला की माणूस बांधला गेला, आणि चाचणी योग्य आहे का हे तपासून परवानगी देणारी ‘एथिक्स कमिटी’ म्हणजे डॉक्टरांनी आपल्याच माणसांची नेमलेली समिती, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसं मुकाट्याने त्रास सोसतात म्हणून हा खुलासा.

भारतात 2019 च्या नियमांनुसार अशा समितीत किमान 7 सदस्य लागतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. कायदेतज्ज्ञ हवा, एक तरी स्त्री हवी, आणि एक साधा सामान्य माणूसही. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘हे आमच्या आईला कळेल का?’ असं विचारणारं कोणीतरी तिथे लागतंच.

आता ते संमतीपत्र नीट बघा. कोणतंही कारण न देता, केव्हाही बाहेर पडता येईल, आणि त्यामुळे उपचारांवर किंवा कायदेशीर हक्कांवर परिणाम होणार नाही, हे त्यात लिहिलेलंच असतं. वाचता येत नसेल तर समजावताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. एक प्रत तुमच्या हातात मिळायलाच हवी, मागून घ्या. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत.

अडचणी आहेत, नाकारत नाही. सदस्य आपापली कामं सांभाळून जाडजूड फायली वाचतात. परवानगी देऊन झाल्यावर वॉर्डात प्रत्यक्ष काय चाललंय, यावर लक्ष ठेवणं बरेचदा राहून जातं. समितीचा फोन नंबर संमतीपत्रासोबतच्या माहितीपत्रकातच असतो. शंका आली तर थेट तिथे फोन करा.