साथीचा कायदा: चार कलमे आणि सव्वाशे वर्षे

१८९७ चा साथरोग अधिनियम मूळ स्वरूपात जेमतेम चार कलमांचा होता. ‘धोकादायक साथरोग’ कशाला म्हणायचे याची व्याख्या त्यात नाही. नेहमीचे कायदे अपुरे पडत आहेत असे सरकारला वाटले की त्याला तात्पुरते नियम करता येतात, प्रवाशांची तपासणी करता येते आणि रोगाचा नुसता संशय असलेल्या माणसालाही रुग्णालयात किंवा छावणीत वेगळे ठेवता येते. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि सद्‌हेतूने कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे. ज्याला उचलून नेले त्याने दाद कोठे मागावी आणि त्याला किती दिवस ठेवता येईल, याबद्दल मात्र कायदा काहीच सांगत नाही. माझ्या मते साथ आणि स्वातंत्र्य यांच्यातील पुढच्या प्रत्येक वादाचे मूळ या मौनात आहे.

कायदा झाला तो घाईत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरपर्यंत रुग्णांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेण्याची सक्ती सुरू झाली आणि त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. दुसरीकडे युरोपातील बंदरे हिंदुस्थानातून येणारा माल आणि प्रवासी अडवण्याच्या बेतात होती, त्यामुळे व्यापार वाचवायचा तर आपण कठोर आहोत हे सरकारला दाखवणे भाग होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यात कायदा मंजूर झाला.

त्याचा सर्वांत कडवट अनुभव पुण्याने घेतला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीच्या हाताखाली देशी आणि गोरे मिळून ८९३ अधिकारी व शिपाई देण्यात आले. १३ मार्चला सुरू झालेले झडतीसत्र १९ मेपर्यंत चालले. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पहारा बसे आणि सोजीर, म्हणजे गोरे सैनिक, बुटांसकट माजघर, स्वयंपाकघर, देवघर असे करत आत शिरत. काखेत किंवा जांघेत गाठ आहे का ते पाहिले जाई. रुग्ण सापडला की त्याची रवानगी रुग्णालयात आणि घरच्यांची विलगीकरण छावणीत होई. मागे राहिलेल्या घरातील जमीन उकरली जाई, भिंतींना चुना लावला जाई आणि अंथरूण-पांघरूण जाळले जाई. बायकांची तपासणी चारचौघांत झाल्याच्या तक्रारी होत्या. शक्य तेथे त्यासाठी स्त्रिया नेमल्या असे समितीचे म्हणणे होते, पण शहराच्या मनातला अपमान त्याने पुसला गेला नाही.

याचा परिणाम उलटा झाला. लोक आजारी माणूस लपवू लागले, मृत्यू दडवू लागले आणि शहर सोडून जाऊ लागले; म्हणजे जी साथ एका जागी अडवायची होती ती लोकांबरोबर गावोगाव निघाली. शिवाय प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगातून दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. १८९७ च्या त्या सुमारे सत्तर दिवसांत झडती माणसांची होत होती. साथ खरी होती आणि तिच्यामुळे पुढील तीन-चार दशकांत देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही. सरकारची भीती खोटी नव्हती. परंतु रुग्णांची सेवा करताना प्लेगचीच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला, ही घटना त्याच पुण्यातली आहे आणि रुग्णाजवळ जाण्याचा दुसरा मार्गही तेव्हा उपलब्ध होता याची ती साक्ष आहे.

२२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यानंतर साथीचा प्रश्न बघता बघता राजद्रोहाचा झाला. ‘केसरी’तील लिखाणासाठी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि पुण्यातील सरदार नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविनाच डांबण्यात आले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळल्यावर मात्र सरकारने धोरण बदलले. घरोघरची लष्करी झडती थांबली आणि लोकांच्या संमतीवर, स्थानिक स्वयंसेवकांवर व ऐच्छिक लसीकरणावर भर आला. कायद्यातील शब्द मात्र होते तसेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने संचाराचे स्वातंत्र्य दिले आणि जनहितार्थ त्यावर ‘वाजवी’ बंधने घालण्याची मुभाही दिली. आता हे ‘वाजवी’ न्यायालयात तपासता येऊ लागले, हा मोठा फरक होता. तरीही न्यायालयाचे माप प्रत्येक वेळी सारखे पडले नाही. १९८९ मध्ये गोव्यात रक्तदानानंतर एचआयव्हीबाधित असल्याचे आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले आणि म्हापशाजवळच्या वापरात नसलेल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्यासाठी गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेण्यात आला. हा विषाणू एका खोलीत बसण्याने किंवा हात मिळवण्याने पसरत नाही हे तेव्हाही ठाऊक होते. त्याच्या आईने, ल्युसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. अंतरिम आदेशाने डॉमिनिक सुटले, पण अंतिम निकालात व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष असेल तर व्यक्तीने माघार घ्यावी, असे म्हणून न्यायालयाने वेगळे ठेवण्याची ती तरतूद वैध ठरवली. हा निकाल मला आजही अस्वस्थ करतो, कारण त्यात तराजूच्या एका पारड्यात माणूस होता आणि दुसऱ्यात बरेचसे अज्ञान. एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून कायद्याचे संरक्षण मिळायला २०१७ उजाडले.

मूळचा १८९७ चा कायदा अधूनमधून वापरात येत राहिला. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्यातच तो लागू झाला. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने कोरोनासाठी तो लागू केला, तेव्हा पुण्यातील झडतीसत्र सुरू झाल्याला बरोबर १२३ वर्षे झाली होती. चारच दिवसांत परदेशातून आलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या वेळी लावतात त्या शाईने, घरात राहण्याची मुदत सांगणारे शिक्के उमटू लागले. पालघर स्थानकात असे शिक्के सहप्रवाशांच्या नजरेस पडल्यावर चार प्रवाशांना रेल्वेतून उतरवण्यात आले. शिक्का इतरांच्या सुरक्षिततेसाठी होता. पण ज्याच्या हातावर तो होता त्याला लोक रुग्ण नव्हे, गुन्हेगार समजू लागले.

त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत कैदेची, आणि ती आवश्यकच होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. त्याचबरोबर सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात राहणारी बंधने सरकार घालू शकते, हेही मान्य केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्याच्या मोठ्या उणिवा दाखवून व्यापक दुरुस्तीची किंवा नव्या कायद्याची शिफारस केली. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आदेश मोडणाऱ्याला आता जुन्या कलम १८८ ऐवजी नव्या कलम २२३ खाली शिक्षा होते, आणि अधिकाऱ्याला संरक्षण देणारे चौथे कलम मात्र १८९७ पासून आपल्या जागी आहे.