परकीय साहाय्यावरील विकाससंस्थांचा कारभार व हिशेब (गोवा)

परदेशांतून आलेल्या देणग्यांवर आरोग्य, शिक्षण, बालसंगोपन अशी कामे करणाऱ्या संस्थांनी निर्णय कसे घ्यायचे, पैसा कसा सांभाळायचा आणि त्याचा हिशेब कोणापुढे ठेवायचा, यासंबंधीचे कायदे व प्रघात. गोव्यात अशी संस्था बहुधा जोडीने वावरते. पैसा गोळा करणारी लंडनला किंवा जर्मनीत कुठेतरी नोंदलेली असते. तो खर्च करणारी सोसायटी किंवा न्यास इथल्या कायद्याखाली. पाटीवरचे नाव एकच, पण विश्वस्त वेगळे, लेखापरीक्षक वेगळा आणि आर्थिक वर्षही बरेचदा वेगळे. युरोपातील अनेक देणगीदार जानेवारी ते डिसेंबर धरतात, आपण एप्रिल ते मार्च. फेब्रुवारीत आलेली रक्कम तिकडे नव्या वर्षात पडते आणि इकडे सरत्या वर्षात. दोन्ही ताळेबंद बरोबर असूनही शेजारी ठेवले की जुळत नाहीत. त्याचा खुलासा लिहावा लागतो. तो न लिहिण्यामागे बहुतेक वेळा लबाडी नसून आळस असतो, पण संशय दोहोंमुळे सारखाच येतो.

दुसऱ्याच्या पैशाची राखण हा विषय गोव्याला नवा नाही. १४९८ मध्ये लिस्बनला स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दियाच्या धर्तीची धर्मादाय संस्था सोळाव्या शतकाच्या आरंभीच गोव्यात निघाली. आशियात मरण पावलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता ताब्यात घेऊन तिचा पैसा पोर्तुगालमधील वारसांना पोचवणे हे तिचे एक काम होते. म्हणजे हा पैसा आजच्या उलट दिशेने जाई. एवढ्या ठेवी हाताशी पाहून अडचणीच्या वेळी त्यांतून उसने घेण्याचा मोह सरकारला आवरला नाही. एका कामासाठी दिलेली रक्कम दुसरीकडे वळवणे हा धर्मादाय कारभारातला जुनाच दोष आणि आजचा लेखापरीक्षकही आधी तोच शोधतो. गावपातळीवर कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, रोकडपेटीच्या तीन चाव्या तिघांकडे असत. आज चेकवर दोन सह्या लागतात त्यामागचा विचार तोच. देवस्थानांना १९३३ चे माझानी नियम, म्हणजे देवळांच्या कारभाराचे नियम, लागू आहेत : महाजनांनी (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांनी) निवडलेले अध्यक्ष, सचिव, खजिनदार व मुखत्यार कारभार पाहतात आणि वर मामलेदाराची देखरेख असते. महाजनकीच्या वादांत कोर्टाच्या पायऱ्या झिजतात हे खरे, पण हिशेब विचारण्याचा हक्क कोणाचा, हे तिथे निदान ठरलेले आहे.

विकाससंस्थेबाबत ते तितके स्पष्ट नाही. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यामुळे धर्मादाय आयुक्त आहेत. विश्वस्त बदलला की त्यांच्याकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. गोव्यात असे कार्यालय नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे देते. सार्वजनिक न्यासाच्या गैरकारभाराविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली, न्यायालयाच्या परवानगीने, दोघा किंवा अधिक हितसंबंधी व्यक्तींना दावा लावता येतो. बायण्याच्या वस्तीतील आई आपल्या मुलाच्या पाळणाघरासाठी ही वाट धरील, ही अपेक्षा कागदावरच ठीक.

खरा लगाम दिल्लीच्या हाती आहे. एफसीआरए या नावानेच ओळखला जाणारा परकीय देणग्यांचा कायदा प्रथम १९७६ मध्ये आला आणि २०१० मध्ये नव्याने झाला. नोंदणी ५ वर्षांची असते आणि वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते. २०२० च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच उतरला पाहिजे. पणजी-म्हापशाच्या खात्यात तो नंतर येतो. मोठ्या संस्थेने तो छोट्या गटांना वाटायची सर्रास रीत बंद झाली. आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ही शेवटची अट ऐकायला गोड वाटते. पण हिशेब चोख हवा तर हिशेबनीस लागतो आणि त्याचा पगार प्रशासकीय खर्चातच मोडतो.

हिशेब म्हणजे प्रत्यक्षात काय, हे व्हाउचरच्या फायलीत दिसते. पाळणाघरासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तांबडी भाजी, दुधी, केळी आणली. भाजीवाली बिल देत नाही. दिली तर वर एक जुडी देते. मग कार्यकर्ती घरचेच व्हाउचर लिहिते : तारीख, जिन्नस, वजन, रक्कम, घेणाऱ्याची सही, सोबतच्या दुसऱ्याची सही. खाली कदंबाचे, म्हणजे सरकारी बसचे, तिकीट चिकटवलेले. तिकिटाची शाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून जाणती संस्था त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवते. पगार रोखीने दिला आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असली, तर पावतीवर १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. परदेशातल्या मुख्य कार्यालयातून तरीही विचारणा येते, मूळ बिल कुठे आहे? याला उत्तर म्हणून भाजीवालीची ओळख करून देता येत नाही. खरेदीचे लेखी धोरण आधीच मंजूर करून ठेवावे लागते.

चोख ताळेबंद म्हणजे चोख कारभार मात्र नव्हे. ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या हैतीतील कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची अंतर्गत चौकशी २०११ मध्ये झाली. प्रकरण उघड्यावर आले २०१८ मध्ये, आणि संस्थेने आपल्याला पुरेशा मोकळेपणाने माहिती दिली नव्हती, असा ठपका ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने २०१९ मध्ये ठेवला. गोव्याला याचा त्याहून जवळचा आणि कडू अनुभव आहे. मडगावात एका माणसाच्या नावावर आणि शब्दावर चालणाऱ्या अनाथालयाचा चालक १९९१ मध्ये पकडला गेला. मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याला अडवून प्रश्न विचारील असे संस्थेत कोणी नव्हते. २००३ चा गोवा बाल कायदा आणि त्याखालचे स्वतंत्र बाल न्यायालय यांमागे या प्रकरणाची सावली आहे. विश्वस्त मंडळात नवरा-बायको, मेहुणा आणि घरचा सीए एवढेच असले, तर सभेची इतिवृत्ते कितीही सुबक असोत, ती एकाच्याच तोंडची असतात.

माहिती अधिकार कायदा सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या संस्थांनाही लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. निव्वळ परदेशी पैशावर चालणारी संस्था त्यात बसत नाही. तिमाही जमा झालेली परकीय रक्कम संकेतस्थळावर टाकण्याची अट जुलै २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. इंग्लंडमध्ये मात्र वर्षाला २५,००० पौंडांवर उत्पन्न असलेल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचे हिशेब आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्यामुळे पर्वरीतल्या प्रकल्पावर किती पैसा आला, याचा अंदाज पर्वरीपेक्षा मँचेस्टरमधून लवकर बांधता येतो.

राजस्थानात १९९४ पासून जनसुनवाईत गावच्या कामांचे हिशेब चावडीवर मोठ्याने वाचले जाऊ लागले. गोव्यातल्या विकाससंस्थांत ही रीत फारशी रुजलेली नाही. वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत निघतो. झुआरीनगरच्या पाळणाघरात सकाळी मूल सोडून कामावर धावणाऱ्या बायकांपैकी अनेकींच्या घरी कन्नड बोलतात.