उपवासकाळ, ख्रिस्ती (मराठवाडा)

उपवासकाळ, ख्रिस्ती : ईस्टरपूर्वी (येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वी) प्रार्थना, उपवास व दानधर्म यांसाठी राखलेला चाळीस दिवसांचा काळ. प्रायश्चित्तकाळ, लेंट ही नावेही रूढ आहेत. पश्चिमी परंपरेत तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. तेथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्याने सहा रविवार वगळून चाळीस धरतात.

या चाळीस दिवसांच्या उगमाबद्दल एकमत नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनेअस सांगतो की, कोणी एक दिवस, कोणी दोन, तर कोणी चाळीस तास उपवास करीत. चर्चचा इतिहासकार युसेबिअस याने हा मजकूर जपून ठेवला आहे. इ.स. ३२५ च्या नायसिया येथील बिशपांच्या परिषदेच्या पाचव्या नियमात ‘चाळीस दिवस’ असा उल्लेख ओघात येतो, म्हणजे तोवर ही कल्पना परिचित झाली असावी. ईस्टरपूर्वीचा लहान उपवासच वाढत चाळीस दिवसांचा झाला, हे जुने मत. इजिप्तमध्ये येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर वेगळा चाळीस दिवसांचा उपवास असे व तो पुढे ईस्टरला जोडला गेला, हे दुसरे. दुसऱ्या मताचे पुरावे बरेचसे उत्तरकालीन आहेत. तरी चाळीस हा आकडा एकाएकी कसा रुळला, याचा उलगडा त्यानेच अधिक होतो. रोममध्ये सहा आठवड्यांचे ३६ उपवास होत. बुधवारपासूनचे चार दिवस बहुधा सातव्या शतकात वाढवले गेले.

मराठवाड्यात हा काळ अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची परंपरा) व कॅथलिक अशा दोन वाटांनी आला. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. रतनजी नौरोजी यांनी काम केले. ही अँग्लिकन परंपरा उपवासकाळ पाळणारी. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्या प्रेस्बिटेरियन परंपरेत असे ऋतू पाळण्यावर भर नव्हता. १९७० साली अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन प्रवाह उत्तर भारतीय चर्चमध्ये एकत्र आले. कॅथलिकांचे औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चे. त्यांचे ग्रामीण काम घोगरगाव परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाले.

राखेच्या बुधवारसाठी गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) वाळलेल्या झावळ्या जाळून राख करतात. धर्मगुरू ती अंगठ्याने कपाळावर क्रूसाच्या आकारात लावतो आणि माणूस मातीचा आहे, मातीतच मिळणार आहे, याची आठवण देतो. कॅथलिक नियमानुसार हा बुधवार व उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपवासाचे दिवस. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य.

मराठवाड्यात हा काळ ज्वारीची काढणी, खळी आणि आटत चाललेल्या विहिरी यांच्या दिवसांत येतो. ऊसतोडीला गेलेली बरीच कुटुंबे अजून कारखान्यांच्या फडावर असतात. अशा वेळी उपासनेतल्या बायबलच्या वाचनांना वेगळे वजन येते. कॅथलिकांच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात पहिल्या वर्षी तिसऱ्या रविवारी रानात तहानेने मोशेवर कुरकुरणारे लोक व खडकातून निघालेले पाणी, पौलाचे ‘आशा लाजवत नाही’ हे सांगणे आणि याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी घागर घेऊन आलेली शोमरोनी स्त्री हे तिन्ही उतारे एकत्र येतात. कोसभरावरून पाणी आणलेल्या बाईला त्या विहिरीचे वर्णन कोणी समजावून द्यावे लागत नाही. तहानलेले लोक ‘परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही?’ असे विचारतात. शास्त्र हा प्रश्न गाळत नाही, आणि या काळातली निष्ठा तो विचारीतच टिकवायची असते. त्याआधीच्या रविवारी डोंगरावरचे येशूचे रूपांतर वाचतात, म्हणजे दुःखसहनाच्या वाटेवर निघतानाच पुढचा उजेड दाखवलेला असतो.

अन्नाची ददात असलेल्यांचे काय, हा प्रश्न जुनाच आहे. एका जेवणापुरतेही अन्न एकदम न मिळणाऱ्या गरिबांवर उपवासाचे बंधन नाही, असे धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात स्पष्ट केले. मराठवाड्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे दलित, भूमिहीन वर्गातून आलेली असल्याने ही सवलत येथे महत्त्वाची ठरते. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी व शनिवारी वाचला जाणारा बायबलमधील यशया ५८ हा अध्याय तर खरा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे व जोखडाखालच्यांना मोकळे करणे, असे सांगतो. तसे करणारा पाणी दिलेल्या मळ्यासारखा होईल, हे वचनही त्यातच आहे.