अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा नीतिविचार

पूल, यंत्र किंवा संगणकप्रणाली घडवताना काय करावे आणि काय टाळावे, हे अभियांत्रिकीचा विद्यार्थी कशाच्या आधारे ठरवतो, हा नैतिक मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या दोन्हींचा अभ्यासविषय आहे.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी मांडलेल्या नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या आणि त्यांवर जेम्स रेस्ट यांनी १९७० च्या दशकात बेतलेली चाचणी, ही मापनाची रूढ साधने. त्यांत अमूर्त न्यायतत्त्वाला वरची पायरी मिळते. घरच्यांचा, नात्यागोत्याचा विचार करणारे उत्तर खाली राहते. म्हणजे भारतीय किंवा जपानी विद्यार्थ्याला गुण कमी पडले, तर दोष मोजपट्टीचाही असू शकतो.

अभियंता कोणाला बांधील, याचे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकी वर्गात एकट्या अभियंत्याचा विवेक केंद्रस्थानी असतो आणि ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या अपघाताचा धडा हमखास शिकवला जातो. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी, थंडीत सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या (ओ-रिंग) ताठरतात, म्हणून उड्डाण नको, असे बजावले. तेव्हा तांत्रिक बाजू सांभाळणारे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना वरिष्ठांनी अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालायला सांगितले. लुंड यांनी मत बदलले; दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. जर्मनीत नाझी काळातला अनुभव ताजा असताना, १९५० मध्ये, अभियंत्यांच्या संघटनेने व्यवसायाचे प्रतिज्ञापत्र काढले. कॅनडात १९२५ पासून नवे अभियंते शपथ घेऊन करंगळीत अंगठी घालतात.

शिकल्याने हा विचार आपोआप धारदार होतो, असे मात्र नाही. अमेरिकेतील चार संस्थांमधील विद्यार्थ्यांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पदवीच्या काळात लोकहिताविषयीची आस्था उलट घटलेली आढळली.

अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. त्यात पदवीधराकडून अपेक्षित गुणांत व्यावसायिक नीती आहेच. शिवाय ‘सार्वत्रिक मानवी मूल्ये’ हा विषयही अभ्यासक्रमात आला. या विषयाची मांडणी स्व, कुटुंब, समाज, निसर्ग अशा क्रमाने जाते. ड्रॉइंग आणि टेस्ट रिपोर्ट त्यात फारसे येत नाहीत. खरे वळण लागते ते प्रयोगशाळेत. सबमिशन तोंडावर आले की अपेक्षित उत्तरावरून उलटे गणित करून रीडिंग ‘जुळवली’ जातात, सीनियरचे जर्नल उतरवले जाते आणि व्हायवात आलेख सरळ रेषेत का, हे क्वचितच विचारले जाते. काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद अशीच जुळवली तर पुढे काय होते, हा प्रश्न त्याच टेबलापाशी काढायचा की नाही, ते शिक्षकावर सोडलेले असते.