व्हिनिअरचे पृष्ठदोष, निर्वात दाबणीतील

हवाबंद पिशवीतील हवा पंपाने काढून, बाहेरच्या वातावरणाच्या दाबाखाली व्हिनिअर (लाकडाचे पातळ कापलेले पान) फळीवर चिकटवताना उद्भवणारे दोष. या पद्धतीचे मूळ बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानांचे वक्र प्लायवुड भाग घडवण्यासाठी वापरलेल्या रबरी पिशव्यांत असावे. गोव्यातील इंडो-पोर्तुगीज कपाटांवरचे शिसवी-हस्तिदंती जडावकाम हे वेगळे तंत्र असून ते येथे अभिप्रेत नाही.

दाबमापकावर ६०० मिमी पारा इतकी निर्वातता दिसत असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे ८ टन भार पडतो. पंप मोठा लावला तरी हा भार १० टनांपलीकडे फारसा जात नाही. म्हणून लहरदार व्हिनिअर किंवा खळगे असलेली प्लाय पिशवीत सरळ होईल ही अपेक्षा चुकीची आहे. बहुतेक दोष पिशवी बंद होण्यापूर्वीच आत शिरलेले असतात.

तडे : यांच्या कारणाविषयी मतभेद आहेत. काही जण गोंदाला दोष देतात. गोव्यात मात्र ओलावा हेच कारण अधिक संभवते. पावसाळ्यात उघड्या शेडमधील व्हिनिअरची आर्द्रता १६–१८ टक्क्यांवर जाते आणि हॉटेलच्या वातानुकूलित खोलीत ९–१० टक्क्यांवर उतरते. ३०० मिमी रुंद सागाचे पान मोकळे असते, तर ३–४ मिमी आकसले असते. चिकटलेले असल्याने ते फाटते. दुसरे कारण लाकडातून पान कापतानाचे. पात्याच्या बाजूला पानावर सूक्ष्म चिरा पडतात, ती ‘सैल’ बाजू गोंदाकडे ठेवावी. पुस्तकाप्रमाणे उलगडून जोडलेल्या पानांत एकाआड एक पानाची सैल बाजू वर येते. त्यामुळे तडे एकाआड एक पानातच दिसले, तर कापातील चिरा समजाव्यात. सर्वत्र दिसले, तर ओलावा. व्हिनिअर व प्लाय दोन्ही आधी दोन-तीन दिवस कोरड्या बंद खोलीत ठेवून आर्द्रतामापकावर १०–१२ टक्के आल्यावरच दाबावीत. फळीच्या मागच्या बाजूलाही व्हिनिअर लावावे, अन्यथा फळी वाकते.

फुगे : नख फिरवल्यावर कोरडा खुळखुळाट येतो, तेथे फुगा असतो. गोंद कमी पडणे, तो दाबण्याआधीच सुकणे किंवा पिशवीची गळती ही कारणे. पांढरा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट) गोंद असेल, तर ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून थंड होईपर्यंत दाबून धरल्यास तो पुन्हा धरतो. युरिया (युरिया-फॉर्मल्डिहाइड) गोंद उष्णतेने मऊ होत नाही. तेथे लाकडाच्या रेषांच्या दिशेने ब्लेडने चीर देऊन सिरिंजने गोंद भरावा लागतो.

गोंद वर येणे : ०.५ मिमी व्हिनिअरच्या छिद्रांतून पातळ गोंद वर येतो व त्या जागी पॉलिशचा रंग बसत नाही. गोंद फक्त प्लायवर, चौरस मीटरला १२०–१५० ग्रॅम लावावा. युरियात थोडा मैदा मिसळून तो दाट करतात.

पिशवीच्या सुरकुत्यांचे वळ टाळण्यासाठी व्हिनिअरवर कडा गोल केलेला ६ मिमी एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेली फळी) ठेवतात. व्हिनिअर कडेबाहेर ५–६ मिमीपेक्षा जास्त सोडू नये. पिशवी ते मोडते आणि फाट आत पळते.