दुधाचा दर कोण ठरवतं? ‘आरे’च्या बाटलीपासून ३५ रुपयांच्या घोषणेपर्यंत

गावातल्या डेअरीवर सकाळी किटली रिकामी झाली की दुधाचा नमुना मशीनखाली जातो. काही सेकंदांत आकडे उमटतात : फॅट ३.४, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.३. शेजारी दर. चिठ्ठी फाडून हातात. माझी आई या चिठ्ठ्या गोठ्याच्या खांबावरच्या खिळ्याला टोचून ठेवायची आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार आला की एकेक काढून जुळवायची. बेरीज सहसा बरोबर निघायची. पण मागच्या दहा दिवसांत गायी त्याच, पेंड तीच, मग लिटरमागे दोन रुपये कमी का झाले, याचं उत्तर त्या चिठ्ठीवर कधीच नसायचं.

ते उत्तर शोधायला बरंच मागं जावं लागतं.

मुंबईला दूध पुरवणं हा सरकारचा प्रश्न झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. शहरातलं दूध भेसळीचं आणि महाग होतं. १९४५ मध्ये मुंबई सरकारनं बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली आणि आणंदहून रेल्वेनं दूध आणायची व्यवस्था केली. त्या दुधाच्या खरेदीचा मक्ता पोल्सन या खासगी कंपनीकडे होता. मुंबईत दुधाला चांगला भाव मिळत होता, पण खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती त्यातलं फारसं काही पडत नव्हतं. त्यांनी वल्लभभाई पटेलांचा सल्ला घेतला आणि पोल्सनला दूध घालणं बंद केलं. पंधरा दिवस मुंबईला आणंदचं दूध आलं नाही. सरकार नमलं आणि १९४६ च्या डिसेंबरात खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ नोंदला गेला. तोच पुढे ‘अमूल’ झाला. आणंद तेव्हा मुंबई प्रांतातच होतं, हे आपण विसरतो. दुधाच्या दरासाठीचा हा पहिला मोठा संप मुंबईच्याच दुधावरून झाला होता.

इकडे गोरेगावला १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं शहरातल्या तबेल्यांमधल्या म्हशी तिथं हलवल्या गेल्या. पहाटे केंद्रावर रांग, हातात कार्ड आणि काचेची बाटली, हे चित्र मुंबईच्या दोन पिढ्यांच्या आठवणीत आहे. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्या बाटलीचं महत्त्व वेगळं होतं. महाराष्ट्रात सरकार स्वतः दुधाचं मोठं गिऱ्हाईक होतं. शासकीय दूध योजना संघांकडून ठरलेल्या दरानं दूध घ्यायची, त्यामुळे बाजारात एक तळ असायचा. त्याच्या फार खाली जाणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी दूध घातलं नसतं, कारण संघाची गाडी वेशीवर उभी असायची.

पुढची वीस-पंचवीस वर्षं वाढीची होती. १९६३ मध्ये कोल्हापूरला ‘गोकुळ’, १९६८ मध्ये तात्यासाहेब कोरे यांचा वारणा दूध संघ. १९७० पासून ऑपरेशन फ्लड, म्हणजे आपल्याकडची दूध महापूर योजना. मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ या संस्थेनं संकरित गायी शेतकऱ्याच्या दारात नेल्या. १९७२ च्या दुष्काळानं पोळलेल्या कोरडवाहू भागात ही गाय म्हणजे रोज ताजा पैसा होता. नगर, पुणे, सोलापूर, सांगली या पट्ट्यात पाच-सहा लिटर देणाऱ्या जनावराच्या जागी पंधरा-वीस लिटर देणारी जर्सी आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आली. बाईच्या हातात दहा दिवसांनी येणारा पगार मुलांच्या फीला आणि किराण्याला पुरू लागला.

याच काळात महाराष्ट्राचं दूध म्हशीकडून गायीकडे सरकलं. तो बदल दराच्या दृष्टीनं फार मोलाचा ठरला, कारण गायीच्या दुधात फॅट कमी आणि ते निघतंही ढीगभर. जास्तीचं दूध पाकिटात खपत नाही, त्याची भुकटी आणि बटर करावं लागतं. शंभर लिटर गायीच्या दुधातून साधारण ९ किलो भुकटी आणि ४ किलोच्या वर बटर निघतं. भुकटी किलोमागे १०० रुपयांनी उतरली, की शंभर लिटरमागे ९०० रुपये गेले. म्हणजे लिटरला ९. आईच्या चिठ्ठीवर नसलेलं उत्तर बरंचसं इथं आहे. शहरातलं गिऱ्हाईक पाकिटातल्या दुधाचे पैसे देतं, पण गोठ्यातल्या दुधाचा भाव भुकटीच्या बाजारावर ठरतो.

१९९१ मध्ये दुग्धव्यवसायासाठीची सरकारी परवान्याची अट गेली. केंद्राच्या १९९२ च्या आदेशानं डेअऱ्यांना नोंदणीची अट घातली आणि संकलनाची क्षेत्रं आखून दिली. २००२ मध्ये तीही क्षेत्रं उठली. खासगी डेअऱ्या गावोगाव आल्या. सुरुवातीला त्यांनी संघापेक्षा जास्त दर दिला, वेळेवर पैसे दिले, शेतकरी तिकडे गेला आणि त्यात त्याची चूक नव्हती. अनेक सहकारी संघ राजकारणानं पोखरले होते. शासकीय योजना मात्र आक्रसत गेली. आज राज्यातलं बहुतांश दूध खासगी हातांत आहे. सरकार गिऱ्हाईक राहिलं नाही आणि तळ गेला.

जिथं सहकार टिकला तिथली गोष्ट वेगळी आहे, तीही सांगायला हवी. कोल्हापुरात दिवाळीच्या तोंडावर गोकुळकडून दूध फरक जमा होतो. वर्षभर घातलेल्या दुधावर शेवटी आणखी काही रक्कम. नफा कुणाचा, याचं उत्तर तिथं निदान वर्षातून एकदा पैशात मिळतं.

२०१४ नंतर जगात भुकटीचे भाव कोसळले. रशियानं युरोपच्या मालावर बंदी घातली, युरोपनं मार्च २०१५ अखेर उत्पादनाचा कोटा उठवला, चीनची खरेदी मंदावली. कुठल्या देशात काय झालं, हे संगमनेरच्या गोठ्यापर्यंत चिठ्ठीवरूनच पोचतं. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर ओतलेलं दूध साऱ्या देशानं पाहिलं. दूध ओतणाऱ्यांना शहरात खूप बोल लावले गेले. ज्यानं पहाटे चारला उठून धार काढली, त्याला ते ओतताना काय वाटलं असेल, हे विचारणारे कमी होते. त्याच महिन्यात सरकारनं गायीच्या दुधाचा दर ३ रुपयांनी वाढवून २७ केला. सहकारी संघांना तो बंधनकारक होता, खासगी डेअऱ्यांना नव्हता. खुद्द संघांनीही बऱ्याच ठिकाणी तो दिला नाही.

वर्षभरात दर १७ रुपयांवर आला. मे २०१८ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या लाखगंगा गावानं ठराव करून दूध फुकट वाटलं : लुटताच आहात, तर फुकटच घ्या. जुलैत राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं मुंबईचं दूध अडवलं. तोडगा निघाला २५ रुपयांचा, त्यात ५ रुपये सरकारी अनुदान. टाळेबंदीत, २०२० मध्ये, हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद पडली आणि दर पुन्हा विशीच्या खाली घसरला.

२०२३ मध्ये तर दर ठरवायला समितीच नेमली गेली. जुलैत आदेश निघाला : ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला किमान ३४ रुपये. काही महिन्यांत अनेक ठिकाणी प्रत्यक्ष दर २५ ते २७ वर आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमूलच्या ‘ताजा’चं लिटरचं पाकीट ५४ रुपयांना होतं. शेतकऱ्याचा दर पडला तेव्हा ते खाली आलं नाही, उलट जून २०२४ मध्ये आणखी २ रुपयांनी वाढलं. (अमूलचं उदाहरण इथं फक्त पाकिटाची पातळी कळावी म्हणून घेतलंय. त्यांच्या सभासदांना दर देण्याची रीत निराळी आहे.)

त्या ३.५ आणि ८.५ मध्येही एक मेख आहे. दुकानात ‘गायीचं दूध’ म्हणून विकायला कायद्यानं ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ पुरतं. शेतकऱ्याकडून घेताना मात्र मोजमाप ३.५ आणि ८.५ चं, आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, कपात. आईच्या चिठ्ठीवरचं ३.४ आणि ८.३ चं दूध दुकानाच्या मापानं पूर्ण गायीचं दूध होतं, डेअरीच्या मापानं उणं. शिवाय पाकिटातल्या टोन्ड दुधात फॅट फक्त ३ टक्के लागते. म्हणजे ३.५ च्या शंभर लिटर दुधामागे सहाशे ग्रॅमच्या वर बटर बाजूला निघतं. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते, कारण इथं जागतिक बाजाराचं कारणही सांगता येत नाही.

उसाचं उदाहरण शेतकरी नेत्यांच्या तोंडी सारखं येतं, ते म्हणूनच. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच किमान भाव) आहे, ती केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशाखाली येते, थकवली तर कारखान्यावर जप्तीची कारवाई होऊ शकते. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा धरला होता. दुधाला यातलं काहीच लागू नाही. किसान सभा आणि इतर संघटना दुधाला एफआरपी आणि पाकिटाच्या उत्पन्नात वाटा मागत आहेत. ही मागणी मला रास्त वाटते. दूध तर उसापेक्षा नाशवंत : ऊस आठवडाभर उशिरा तुटला तरी शेतात उभा राहतो, दूध संध्याकाळपर्यंत थांबत नाही. विकणाऱ्याला थांबता येत नसेल तर घासाघीस कशी व्हायची?

बाहेर पाहायचं तर ऑस्ट्रेलिया. तिथं २६ जानेवारी २०११ ला ‘कोल्स’ या सुपरमार्केटनं दूध एक डॉलर लिटरवर आणलं, स्पर्धकांनीही आणलं आणि तो दर २०१९ पर्यंत टिकला. शेवटी १ जानेवारी २०२० पासून कायद्यानं बंधनकारक डेअरी संहिता आली. आता दूध घेणाऱ्या कंपन्यांना दर वर्षी १ जूनला दुपारी दोनपर्यंत किमान दरासह करार जाहीर करावे लागतात आणि आधी घेतलेल्या दुधाचा दर मागाहून पाडता येत नाही. दर किती, हे सरकार ठरवत नाही. पण वर्षभराचा आकडा शेतकऱ्याला आधी कळतो.

आपल्याकडे ३४ चा आदेश कागदावरच राहिल्यावर पुन्हा अनुदानाचा मार्ग धरला गेला. जानेवारी २०२४ मध्ये डेअरीनं २७ द्यायचे आणि सरकारनं ५. अनुदान हवं तर गायीच्या कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद हवी. ज्यांची नोंद जुळली नाही, त्यांचे पैसे अडकले. जुलै २०२४ पासून डेअरीचे ३० आणि सरकारचे ५, मिळून ३५. ऑक्टोबरपासून सरकारनं अनुदान वाढवून ७ केलं. शेतकऱ्याला तेव्हाही ३५ च मिळायचे होते, कारण त्याच निर्णयात डेअरीनं द्यायचा दर ३० वरून २८ झाला.